इंदापूरच्या मोटारीची गळकी काच

हस्त नक्षत्र लागले की मी अजूनही पूर्वेकडे बघतो. ज्येष्ठ-आषाढात आमच्या बारामतीवरून ढग जातात ते घाईतल्या पाहुण्यासारखे. सह्याद्रीवर सगळे देऊन मोकळे झालेले असतात, इकडे नुसती सावली टाकून पुढे सरकतात. आमचा खरा पाऊस भाद्रपद सरता सरता येतो, आणि येतो तो उलट्या बाजूने. दुपारी इंदापूरच्या अंगाला निळी-काळी भिंत उभी राहते, बाजरीची ताटे एकाच दिशेला वाकतात, शेळ्या कोणी न सांगता घराकडे वळतात, आणि मग तो समोरून, तोंडावर, आडवा येतो. लोक अशा वेळी पिकांचा विचार करतात. मला एक मोटार आठवते. खरे सांगायचे तर मोटारीची पुढची काच, तिची सागाची चौकट आणि त्या चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून ठिबकणारे पाणी. माणसाने तारुण्यातले काय काय आठवावे. पण आठवणींचा कारभार आपल्या हातात नसतो.

तिसाच्या दशकात मी बारामतीच्या एका मोटार सर्व्हिसच्या कचेरीत कारकून होतो. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडले होते. कॉलेजला त्याचे फारसे वाटले नाही. कचेरी म्हणजे स्टेशनजवळच्या वखारीचा एक कोपरा, त्यात एक टेबल, एक घड्याळ आणि मी. घड्याळ बंद होते, त्यामुळे कचेरीत चालू असलेली वस्तू मी एकटाच. सर्व्हिस म्हणजे एकच मोटार. दौंडची छोट्या रुळांची आगगाडी टपाल घेऊन आली की बाराच्या सुमारास ही मोटार सुटायची आणि काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव करत इंदापूरला टेकायची. तीस मैल. रस्ता खडीचा, मधले ओढे पुलावाचून, आणि दिशा सरळ पूर्वेची. म्हणजे हस्ताचा पाऊस आणि आमची मोटार यांची रोज समोरासमोर गाठ.

मोटारीचे इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, अंग देशी लाकडाचे, वर ताडपत्रीचा टप. पुढे सपाट काच. आणि काचेच्या वर, टपाच्या कपाळावर, पितळी पाटी. या पाटीशिवाय आमचे मालक तात्यासाहेब यांची ओळख पुरी व्हायची नाही. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस होता, केळी होती, आणि मोटार ही त्या दोहोंनंतरची हौस. माणूस दिलदार, कोणी बघत असले तर अधिकच दिलदार. सर्व्हिसच्या मुहूर्ताला त्यांनी प्रांतसाहेबांना बोलावले. फीत कापली गेली, भाषण झाले, भाषणात मोटारीला प्रगतीचा रथ म्हटले गेले. त्यानंतर रथ काही सुरू होईना. चौदा माणसांनी ढकलला तेव्हा प्रगती झाली. या सोहळ्याची आठवण म्हणून ती पाटी. तिच्यावर तीन ओळी: वर देवाचे नाव, मध्ये तात्यासाहेबांचे, खाली प्रांतसाहेबांचे. देवाचे अक्षर सगळ्यांत बारीक होते.

ही पाटी रोज सकाळी चिंच लावून घासायची असा दंडक होता. तात्यासाहेब स्वतः येऊन तिच्यात आपली मिशी बघत, आणि ती स्पष्ट दिसली तरच मोटारीला हलायची परवानगी मिळे. इंजिनात तेल आहे का, असे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

घासायचे काम गेनबाचे. गेनबा आमचा ड्रायव्हर, लोणी भापकरचा. त्याच्या घरात सात पिढ्या मेंढरे. वाटणीला आलेली मेंढरे मोडून तो पुण्याला गेला, मोटार हाकायला शिकला आणि परत आला तेव्हा थोरल्या भावाने बोलणे टाकले होते. उंच, काळा, अंगाने काटक. मोटारीशी तो मेंढराशी बोलावे तसे बोलायचा. चढाला "हुर्र, चल बाय माजी" आणि ओढ्यात उतरताना "ये, ये, ये, दमानं." मी टेबलाशी सदा काही वाचत बसलेला असे, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मी कधी कोणाला काही शिकवले नव्हते. पण मोफत मिळालेली पदवी नाकारण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नव्हतो.

पोस्टाची थैली आमच्या मोटारीने जाऊ लागली तो गेनबाच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. त्याआधी ती टांग्याने जायची. "मेंढक्याच्या हातात सरकार डाक देतंया," असे तो ज्याला त्याला सांगायचा, आणि ते थोरल्या भावाच्या कानावर जाईल अशा बेताने सांगायचा. थैली ड्रायव्हरच्या नजरेसमोर राहिली पाहिजे आणि तिचे लाखेचे सील उघडे दिसले पाहिजे, असा पोस्टाचा नियम. म्हणून तिची जागा ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, काचेखालच्या फळीवर. आणि पाणी ठिबकायचे ते नेमके तिथेच. मेणकापडात गुंडाळून बघितली, तर सील दिसत नाही म्हणून इंदापूरच्या पोस्टमास्तरांनी हरकत घेतली. सील दिसेल एवढे भोक पाडले, तर पाणी त्या भोकातून आत गेले. नियम आणि पाणी दोघेही वाट काढतात, असे तेव्हा मला वाटून गेले.

पहिल्या दोन वेळा पोस्टमास्तर नुसते कुरकुरले. तिसऱ्या वेळी गेनबा परत आला तो थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"मास्तर, आज एक बाई आली व्हती पोस्टात. लेक अकलूजला दिलीया. जावायाचं पत्र आलं. 'पोरीला' येवढंच वाचाया येतंय. फुडं समदा निळा चिखल."

"मग?"

"मग काय. पोरीला काय? बरं हाय का न्हाय? ती मला इचारती. म्हनली, तूच आणलंस न्हवं? मी काय सांगू तिला?"

ती बाई तशीच चालत अकलूजला गेली. पोरीला मुलगा झाला होता आणि दोघे खुशाल होते, हे आम्हाला चार दिवसांनी कळले. ते चार दिवस गेनबा नीट जेवला नाही. आणि बाईचे पत्र भिजले त्याच दिवशीच्या मोटारीने पोस्टमास्तरांची चिठ्ठी आली होती: येत्या सोमवारची थैली ओली निघाली तर डाक पुन्हा टांग्याकडे द्यावी असे आपण वर लिहू. तात्यासाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि गेनबाला एवढेच म्हणाले, "डाक गेली तर मला या गाडीवर दुसरा माणूस बघावा लागेल. तू आपली मेंढरं बघ."

मेंढरे आता नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

त्या आठवड्याइतकी शहाणी बारामती मी पुन्हा पाहिली नाही. मोटारीभोवती माणसे जमायची, कोपऱ्यात बोट घालायची, ते ओले बोट बघायची आणि उपाय सांगायची. शिंप्याने मेण सांगितले. लोहाराने डांबर आणून दिले. गवंड्याने चुन्यात गूळ कालवून लिंपले. जुन्या बंधाऱ्यांना असेच करतात म्हणाला. बंधाऱ्याचे मला माहीत नाही, पण मुंग्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या थैलीबरोबर इंदापूरला गेल्या. उडदाचे पीठ झाले, राळ झाली, सायकलच्या ट्यूबची पट्टी झाली. मी स्वतः एका इंग्रजी मासिकात वाचलेला पांढऱ्या शिशाच्या लुकणाचा उपाय भर गर्दीत वाचून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या, कारण कोणाला काही कळले नव्हते. मलाही नव्हते. कोपरा एवढा लिंपला गेला की तिथे वारुळासारखा उंचवटा झाला. आणि पाऊस आला की पाणी त्या उंचवट्याला वळसा घालून, थोडे उशिरा, पण नेमाने थैलीवर पडायचे.

शनिवारी राणूआबा आले. सांगवीचे हे म्हातारे मोट शिवायचे. चामड्याची मोट विहिरीतून पाणी उपसते. ती गळली तर निम्मे पाणी परत विहिरीत. पंचक्रोशीत त्यांच्या हातची मोट गळत नाही असा लौकिक होता. निमगावला द्यायची एक नवी मोट मोटारीच्या टपावर टाकायला ते आले होते. स्वतः ते मोटारीत बसणार नव्हते, चालत जाणार होते. त्यांच्या जातीच्या माणसाने पुढे कुठे बसायचे हा प्रश्न प्रगतीच्या रथानेही सोडवला नव्हता. बाजूला उभे राहून त्यांनी आमचे वारूळ पाहिले आणि तोंडाला पदर लावावा तसे उपरण्याचे टोक लावले.

"हसताय का आबा?" गेनबा म्हणाला. त्याला हसू सोसायचे दिवस नव्हते.

"न्हाय बाबा, हसत न्हाय. कुनाची ही कलाकुसर?"

"समद्या गावाची."

"तरीच. मोट गळती तितं आमी टाका घालत न्हाय. पाणी गळतंय हितं, पर शिरतंय कुठं ते बघितलं का कुनी?"

कोणी बघितले नव्हते. इतक्या माणसांनी इतके दिवस त्या कोपऱ्याकडे बघितले, आणि पाणी तिथवर आले कसे हा प्रश्न एकालाही पडला नाही. माझे वाचन पुष्कळ होते, असे मी वर सुचवले आहे. ते मागे घ्यायला हरकत नाही.

मग पुढचे दोन तास. आयुष्यात मी बऱ्याच मिरवणुका, सत्कार आणि अध्यक्षीय समारोप पाहिले. त्या दोन तासांइतकी उत्कंठा कशातच नव्हती.

राणूआबांनी पहिल्यांदा ते वारूळ खरवडून काढायला लावले. मेण, डांबर, गूळ, पीठ, सगळे. खाली चौकटीला सुताराने पाडलेली दोन बारीक भोके निघाली. "ही पाण्याला जायाची वाट व्हती. ती तुमी बुजवली. मग ते तुमच्या थैलीवर न्हाय तर कुठं जाईल?" नंतर आतली सगळी चौकट फडक्याने कोरडी केली आणि चुलीतली पांढरी, चाळलेली राख तिच्यावर हाताने थापली. वर, खाली, दोन्ही बाजूंनी. मोटार भस्म लावलेल्या बैराग्यासारखी दिसू लागली.

"आता कुनीतरी आत बसा आन् राखंवर नजर ठेवा."

"तुम्हीच बसा," मी म्हणालो. "आम्ही आठवडाभर बघतोच आहोत."

आत बसायचे म्हणजे पुढच्या बाकावर, तात्यासाहेबांच्या जागेवर. राणूआबांनी एकवार माझ्याकडे, एकवार गर्दीकडे पाहिले. कोणी काही बोलायच्या आत गेनबाने दार उघडले. "बसा आबा. गाडी माज्या ताब्यात हाय." म्हातारा चढला आणि बसला. एकदोघांनी खाकरले, बस इतकेच. सगळ्यांनाच पाणी कुठून येते ते बघायचे होते, आणि कुतूहल एवढे मोठे असले की माणसे सोवळे थोडा वेळ खुंटीवर ठेवतात.

"लोट्यानं वत. आन् खालनं सुरवात कर. वरनं वतलंस तर समदंच वलं व्हईल, मग चोर कोन ते कळायचं न्हाय."

गेनबाने चौकटीच्या खालच्या कडेवर लोटा ओतला. आम्ही थांबलो. आतून आवाज आला, "कोरडं." पुन्हा लोटा, पुन्हा थांबणे. "कोरडं." डावी बाजू, हातभर वर, मग आणखी हातभर. "कोरडं." गर्दी आपोआप पुढे सरकली होती. उजवी बाजू. "कोरडं." मी श्वास धरून मोजत होतो, का ते मला माहीत नव्हते. वरची कड, डावीकडून. "कोरडं." वरची कड, उजवीकडून. "कोरडं." आता काच संपली होती. गेनबाचा चेहरा उतरला. काच कुठेच गळत नव्हती, आणि तरीही ती गळत होती.

"आजून वर," आतून आवाज आला.

"वर काच न्हाय आबा. पाटी हाय."

"मग पाटीवर वत."

गेनबाने लोटा पाटीवर रिता केला. काही क्षण काहीच नाही. मग आतून हलक्या, जवळजवळ लाडिक आवाजात राणूआबा म्हणाले, "आला, आला. ये गड्या."

मी खिडकीतून डोके आत घातले. वरच्या लाकडावरच्या राखेत उजव्या अंगाला एक काळा ठिपका उमटला होता. ठिपका लांबला. त्याची रेघ झाली. ती रेघ वरच्या पट्टीवरून आडवी, अगदी सावकाश, डाव्या टोकापर्यंत गेली, खांबाच्या आड वळली, सरसर खाली उतरली आणि आमच्या त्या प्रसिद्ध कोपऱ्यातून बाहेर येऊन थैलीच्या फळीवर टपकली. शिरले एका टोकाला, पडले दुसऱ्या टोकाला. मी एवढ्या मोठ्याने "पाटी, पाटी" असे ओरडलो की वखारीतले हमाल बाहेर आले. ती रेघ मला आजही तशीच दिसते. पुढे मी पुष्कळ तत्त्वज्ञान वाचले. कारण आणि कार्य यांच्यावर त्या रेघेइतके स्वच्छ काही वाचल्याचे स्मरत नाही.

परवा शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत पाणी येऊ लागले तेव्हा मी त्यांना राख आणि लोटा सुचवला. गाडी राखेने माखणार म्हणून त्यांनी नम्रपणे नकार दिला. गाडी तीनदा कारखान्यात जाऊन आली. अजून गळते. मी आता सुचवत नाही, नुसता खिडकीत बसून बघतो. या वयात तेवढा आनंद वर्ज्य नसावा.

पाटी चार स्क्रूंवर बसवलेली होती. मुहूर्ताच्या फोटोच्या वेळी ती वाकडी दिसते म्हणून काढून पुन्हा बसवली गेली. पहिली चार भोके तशीच तिच्यामागे उघडी राहिली. वर रोजचे घासणे. चिंचेच्या पाण्याने लाकूड खाल्ले होते, स्क्रू सैल झाले होते, आणि पाटीच्या मागे पावसाचे पाणी पन्हाळीसारखे साठत होते. आम्ही दर सकाळी, मालकांच्या देखत, मोठ्या निगुतीने ते छिद्र वाढवत होतो.

तात्यासाहेबांना बोलावणे गेले. ते आले, ऐकले आणि म्हणाले, "पाटी निघायची नाही. दुसरं काय ते करा."

"दुसरं न्हाय, तात्या," राणूआबा म्हणाले. ते तोवर खाली उतरून बाजूला उभे होते.

"प्रांतसाहेबांचं नाव आहे तिच्यावर."

"व्हय जी. त्यांच्याच नावाखालनं शिरतंय."

गर्दीत कोणी हसले नाही, पण हसू न येण्यासाठी सगळे किती खटपट करत होते ते दिसत होते. तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पोस्टमास्तरांची चिठ्ठी पुढे केली. सोमवार दोन दिवसांवर होता. गेनबा लोटा हातात धरून उभा होता, त्याच्या बोटांवरची राख ओली होऊन काळी झाली होती.

"मला दाखव," तात्यासाहेब म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. राणूआबांनी राख पुन्हा थापली. गेनबाने पाटीवर लोटा ओतला. ठिपका आला, रेघ निघाली. तात्यासाहेब मान वळवत वळवत तिच्या मागे जात होते. एका जागी त्यांनी ती पुढे सरकावी म्हणून बोट उचललेलेही मी पाहिले. थेंब फळीवर पडला तेव्हा त्यांच्या तोंडून "वा" निघून गेले. मग त्यांनी मान वर केली. समोर काच, काचेपलीकडे सगळी बारामती.

"काढा," ते म्हणाले. "आणि फोटो काढणाऱ्याला बोलावू नका."

मोटारीच्या कपाळाला आठ भोके पडलेली दिसली. राणूआबांनी मोटेच्या चामड्याच्या बारीक गुंडाळ्या केल्या, तेलामेणात भिजवल्या आणि एकेक भोकात ठोकल्या. "वलं झालं की चामडं फुगतं. पाऊस जितका जास्ती, तितकं गच्च." वरून कॅनव्हासचा एकच लांब तुकडा राळेने बसवला. खालची दोन भोके मात्र काडीने साफ करून उघडीच ठेवली.

सोमवारी दौंडची गाडी आली तेव्हा पूर्वेला ती भिंत उभी होतीच. थैली फळीवर ठेवली, सील वर करून, मेणकापड न घालता. मी टेबल सोडून शेजारी चढलो. काटेवाडी कोरडी गेली. सणसरच्या पुढे पहिला थेंब काचेवर फुटला आणि मग आभाळच आडवे झाले. समोरचा रस्ता दिसेना, आतल्या दांडीने गेनबा एका हाताने काचेवरचे पुसणे फिरवत होता, ओढ्याचे पाणी चाकांच्या आसापर्यंत आले होते, मागची माणसे देवाचे नाव घेत होती. मी रस्ता पाहिलाच नाही. मी तो कोपरा पाहत होतो.

"मास्तर?"

"कोरडं."

लासुर्णे. "मास्तर?" "कोरडं." अंथुर्णे गेले, निमगाव गेले. दर मैलाला तो विचारायचा आणि मी तेच एक उत्तर द्यायचो, आणि दर वेळी आमचे आवाज चढत जायचे. शेवटी मागची माणसेही आमच्याबरोबर ओरडू लागली. एक अख्खी मोटार भर पावसात "कोरडं, कोरडं" करत इंदापुरात शिरली, तेव्हा बाजारातल्या लोकांना काय वाटले असेल कोण जाणे.

पोस्टमास्तरांनी थैली घेतली. आधी बाहेरून चाचपली, मग उलटी करून तळ चाचपला. सील तोडले, तोंड मोकळे केले आणि सगळे टपाल टेबलावर ओतले. कार्डे टेबलावर खळकन पसरली आणि थैलीतून बारामती स्टेशनातली धूळ वर उडाली. पोस्टमास्तरांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांनी एक कार्ड उचलून डोळ्यांशी धरले, शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवली, जे त्यांनी नियमाने करायला नको होते, आणि गेनबाला म्हणाले, "उद्याही तुम्हीच आणा."

त्या पोस्टमास्तरांनी गेनबाला "तुम्ही" म्हटलेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

गेनबाने पावती घेतली, घडी करून टोपीत ठेवली, टोपी काढून माझ्या हातात दिली. मग पायरी उतरून अंगणात गेला आणि धो धो पावसात, तोंड वर करून, दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. तीस मैल त्याने पाणी आत येऊ दिले नव्हते. आता त्याला भिजायचे होते.